सराफ्यामागचं जुनं घर पाडून दुकान बांधताना: आधी काय, मग काय

मलबा भरायला ट्रॉली दारात उभी राहिली की लोक विचारायला येतात, "आता परवानगीचं काय करायचं?" हा प्रश्न चार महिने आधीचा असतो. मल्हारगंज, सांठा बाजार, मारोठिया, खजूरी बाजार, नंदलालपुरा, कुठेही जा, इंदूरच्या जुन्या भागात तीच ती चूक दिसते. आजोबांचं घर पाडून खाली शोरूम काढायचं ठरतं, ओळखीतला ठेकेदार "आठ दिवसांत मैदान करून देतो" म्हणतो आणि पहिला घण बसतो तो रस्त्याकडच्या भिंतीवर. कागद, शेजारी, भाडेकरू या सगळ्यांचा विचार त्यानंतर सुरू होतो.

खालचा क्रम दोन-तीन मजली घरांसाठी आहे: सागवानी खांब-तुळयांची, चुन्या-मातीत विटा रचलेली किंवा गर्डर-फर्शीची, म्हणजे लोखंडी गर्डरवर दगडी फर्श्या टाकलेली. आरसीसीची उंच इमारत असेल तर एवढ्यावर भागणार नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाडकामाचा स्वतंत्र आराखडा घ्या.

## १. आधी नवं दुकान कागदावर उभं करा

सगळ्यात महाग चूक इथेच होते. जुनं घर प्लॉटच्या शंभर टक्के जागेवर पसरलेलं असतं, पार रस्त्याच्या कडेपर्यंत. नवं बांधकाम मात्र आजच्या नियमांनी होतं, म्हणजे मध्य प्रदेश भूमी विकास नियम २०१२ आणि शहराची विकास योजना यांच्या चौकटीत. पुढची मोकळी जागा, पार्किंग, रस्त्याची ठरलेली रुंदी हे सगळं वजा करून जे उरेल तेवढंच तुमचं दुकान. घर जमीनदोस्त झाल्यावर "इथे पूर्वी अख्ख्या जागेवर बांधकाम होतं" हे सांगून उपयोग होत नाही.

म्हणून पहिलं काम आर्किटेक्टचं. त्याच्याकडून तीन उत्तरं लेखी घ्या: या रस्त्यावर व्यावसायिक वापर चालतो का, रस्ता रुंदीकरणाची रेषा आपल्या प्लॉटमधून जाते का आणि सगळं वजा करून तळमजल्यावर किती चौरस फूट हाती येतात. नकाशा ऑनलाइन दाखल होतो, पण रुंदीकरणाची रेषा झोनच्या (नगर निगमाच्या विभागीय कार्यालयातल्या) भवन अधिकाऱ्याकडे जाऊन प्रत्यक्ष बघा. राजवाड्याभोवती रुंदीकरणात पुढची खोली गेलेली घरं अजून नजरेसमोर आहेत.

काही वेळा हिशेब असा निघतो की पाडण्यात तोटाच आहे. भिंती धडधाकट असतील तर आतून लोखंडी चौकट घालून तळमजल्यावर दुकान काढणं स्वस्त पडतं. हा पर्याय आर्किटेक्टला विचाराच. तो आपण होऊन सुचवेल याची खात्री नाही.

जागा संरक्षित वास्तूजवळ असेल तर आणखी एक पायरी वाढते. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राजवाडा राज्य संरक्षित आहे. त्याच्या आसपास काम असेल तर राज्य पुरातत्त्व विभागाकडे लेखी विचारणा करून ठेवा.

थांबा: नव्या बांधकामाचा नकाशा मंजूर होऊन हातात येईपर्यंत एक वीटही काढायची नाही. पाडकामाचा उल्लेख त्याच अर्जात आहे ना, हेही बघा. पाडायलाही परवानगी लागते.

## २. मालक कोण, आत राहतं कोण

जुन्या घरांचे कागद म्हणजे एक पोतडी असते. होळकर काळातला मोडी कागद, मधली एखादी रजिस्ट्री, आजोबांच्या नावाची संपत्ती कराची पावती आणि पुण्याला राहणारी आत्या, जिचा हिस्सा कोणी विचारलेलाच नाही. कराची पावती म्हणजे मालकी नव्हे. नामांतरण झालं म्हणजे हिस्सेवाटणी झाली असंही नाही. सगळ्या वारसांची लेखी संमती, तीही "घर पाडून दुकान बांधणे" असं स्पष्ट लिहून, नोटरीसमोर घ्या. बँकेचं कर्ज काढणार असाल तर बँक हे मागणारच आहे. जमीन नजूलची, म्हणजे शहरातली सरकारी मालकीची, आहे का, हेही याच टप्प्यावर बघून घ्या. नजूलची असेल तर भाडेपट्टा चालू आहे का आणि त्यात कोणता वापर लिहिला आहे, ते पाहा.

भाडेकरू असेल तर मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ लागू होतो. दुकानासाठी स्वतःला जागा हवी, घर राहण्यालायक उरलं नाही, पुन्हा बांधायचं आहे ही सगळी जागा परत मागण्याची मान्य कारणं आहेत, पण प्रत्येकाचा परिणाम वेगळा. पुनर्बांधणीच्या कारणाने जागा घेतली तर भाडेकरू नव्या इमारतीत परत येण्याचा हक्क मागू शकतो. तेव्हा कोणतं कारण द्यायचं ते वकिलाबरोबर आधी ठरवा.

माझं मत विचाराल तर तडजोड बरी. नव्या इमारतीत कोणत्या मजल्यावर, किती फूट जागा, काय भाडं, कधीपर्यंत आणि मधल्या काळात तो कुठे बसणार, हे सगळं करारात लिहून काढा. "काका, तुम्हाला पहिलं दुकान देऊ" या तोंडी शब्दावर रिकामी झालेली दुकानं पुढे दहा वर्षं कोर्टात अडकलेली मी पाहिली आहेत.

नगर निगमाने घराला जर्जर म्हणून नोटीस दिली की बरेच मालक मनातून खूश होतात. नोटिशीने घर धोकादायक ठरतं. भाडेकरूचा हक्क त्याने आपोआप संपत नाही आणि वारसांचा वादही मिटत नाही.

## ३. घर वाचून घ्या

इंजिनीअर आणि पाडकामाचा मिस्त्री, दोघांना बरोबर घेऊन गच्चीपासून तळघरापर्यंत फिरा. अर्धा दिवस लागतो. चार गोष्टी शोधायच्या.

पहिली, वजन कशावर आहे? जुन्या मराठी वाड्यात बहुतेकदा सगळा भार लाकडी खांब-तुळयांवर असतो आणि मधल्या विटा नुसत्या भरावाच्या. गर्डर-फर्शीच्या घरात उलटं, तिथे भार भिंतींवर. हे ओळखण्यात चूक झाली तर पुढचा सगळा क्रम चुकतो.

दुसरी, पोकळी कुठे आहे? चौकातली बुजवलेली विहीर, जुन्या संडासाचा खड्डा, धान्याचं पेव, तळघर. वर फर्शी टाकलेली असते आणि खाली काय आहे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असतं. त्यांच्याजवळ बसून चहा घ्या आणि विचारा. जेसीबीचं पुढचं चाक पेवात गेलं की मशीन काढायला दुसरं मशीन लागतं.

तिसरी, सामाईक भिंती. भिंत तुमची, शेजाऱ्याची की दोघांची? त्याच्या तुळया तुमच्या भिंतीत घुसल्या आहेत का? प्लास्टर थोडं खरवडल्याशिवाय हे कळत नाही. माझ्या दुसऱ्याच कामात शेजाऱ्याचे गर्डर आमच्या भिंतीत नऊ इंच आत बसले होते. आम्हाला ते समजलं त्याच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्स तडकल्यावर. धिरे (तिरके टेकू) लावून भिंत सावरली, पण तीन आठवडे काम बंद राहिलं आणि दुरुस्तीचा खर्च अर्थातच आमचा.

चौथी गोष्ट नेहमी विसरली जाते ती म्हणजे हद्द. प्लॉटच्या हद्दीचा सगळ्यात पक्का पुरावा तुमची जुनी भिंत असते आणि तीच तुम्ही पाडणार आहात. म्हणून आधी टोटल स्टेशनने (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक दुर्बिणीने) मोजणी करून घ्या. कोपऱ्यांची अंतरं समोरच्या एखाद्या पक्क्या इमारतीपासून मोजून नकाशावर लिहा, दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. भिंत गेल्यावर सहा इंचांसाठी जी भांडणं होतात ती सहा फुटांच्या भांडणांपेक्षा कडवट असतात.

तपासा: छतावर सिमेंटचे जुने नालीदार पत्रे असतील तर त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस आहे. ते फोडायचे नाहीत. पाणी मारून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवायचे आणि मलब्यात न मिसळता वेगळे ठेवायचे.

## ४. शेजाऱ्यांकडे जा, नोटीस नंतर द्या

आधी भेटा, मग पत्र द्या. उलटं केलं की समोरचा वकील गाठतो.

दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या घरात जाऊन प्रत्येक भेगेचा फोटो काढा. शेजारी तारखेची पाटी धरा. मोठ्या भेगांवर काचेची छोटी पट्टी सिमेंटने चिकटवा. भेग हलली तर काच तडकते, इतकी साधी युक्ती आहे. शेवटी दोन साक्षीदारांसमोर पंचनामा करा आणि त्याची एक प्रत शेजाऱ्याला द्या. "ही भेग तुमच्या कामाने पडली" या वादावर दुसरा उपाय मला माहीत नाही.

भिंत उघडी पडणार असेल तिथे तिरके धिरे कुठे लागतील, हे इंजिनीअरने कागदावर दाखवलं पाहिजे. तुमचं घर त्या भिंतीचा आधार होतं हे ध्यानात असू द्या.

## ५. ठेका

जुन्या घराच्या पाडकामात ठेकेदार मालकाकडून पैसे घेतो किंवा उलट मालकालाच देतो, कारण साग, लोखंड, फर्शी, जुनी विटकर विकली जाते. दुसऱ्या प्रकारात मोह मोठा असतो आणि फसगतही. रक्कम मान्य करण्याआधी मालाची यादी स्वतः करा: खांब आणि तुळया मोजून त्यांचे घनफूट, गर्डरची लांबी आणि माप, दरवाजे-चौकटी नगावर. नक्षीचे कंस, जुनं देवघर, तुळशीवृंदावन असं जे तुम्हाला ठेवायचं आहे त्यावर रंगाने आकडा घाला आणि करारात लिहा.

माल जितका लवकर सुटेल तितका ठेकेदाराचा फायदा, म्हणून तो खालचे खांब आधी काढायला बघतो. अपघात इथेच होतात. पैसे मजल्याप्रमाणे हप्त्यांत ठरवा आणि पुढचा मजला उघडण्याआधी इंजिनीअरची सही लागेल असं कलम घाला. कामगारांचा विमा आणि शेजाऱ्याच्या नुकसानीचा विमा, दोन्हींच्या प्रती काम सुरू होण्याआधी हातात हव्यात.

## ६. वीज, पाणी, ड्रेनेज, गॅस

वीज कंपनीकडून मुख्य लाइन खांबापासून तोडून घ्या. घरातला स्विच बंद करून चालत नाही. शेजाऱ्यांच्या वायरी, इंटरनेटच्या केबल तुमच्या भिंतीवरून गेल्या असतील तर त्यांना आठ दिवस आधी सांगा. कामासाठी तात्पुरतं कनेक्शन वेगळं घ्या.

नर्मदेच्या नळाचं कनेक्शन सोडून देऊ नका. ते रस्त्याकडून बंद करून घ्या आणि खातं चालू ठेवा. ड्रेनेजच्या चेंबरचं तोंड विटा-सिमेंटने बुजवा. गाळ आणि चुना लाइनमध्ये गेला की अख्खी गल्ली तुंबते आणि मग शेजाऱ्यांशी जमवलेलं सगळं वाया जातं. पाइपचा गॅस असेल तर कंपनीचा माणूस येऊनच लाइन बंद करेल, प्लंबर नव्हे.

तपासा: चारही जोडण्या तोडल्याचे कागद किंवा फोटो फाइलला लागले का? टेस्टरने प्रत्येक खोलीतला एक तरी पॉइंट तपासला का? इन्व्हर्टर विसरू नका.

## ७. कोणत्या दिवसांत, कोणत्या वेळी

इंदुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यात येतो. पाडकाम आणि पायाचं काम दोन्ही त्याआधी उरकायची असतील तर उशिरात उशिरा जानेवारीत घर उतरवायला घ्या. तीन मजली घर हाताने उतरवायला माझ्या अनुभवात तीन-चार आठवडे लागतात. मातीत रचलेल्या भिंती उघड्या पडून भिजल्या की त्या स्वतःच ठरवतात केव्हा पडायचं ते.

सणांचं कॅलेंडर समोर ठेवा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, तुमच्या रस्त्यावरून जात असेल तर त्या दिवशी अर्धवट उतरवलेली दर्शनी भिंत उभी असता कामा नये. गर्दी ओट्यांवर, गॅलऱ्यांत, दिसेल त्या उंचवट्यावर चढते. अनंत चतुर्दशीच्या झाक्यांचंही (चित्ररथांच्या मिरवणुकीचंही) तेच. दिवाळीआधीचे तीन आठवडे बाजारात काम काढूच नका.

दिवसा मोठी वाहनं या भागात शिरू शकत नाहीत. मलबा रात्री निघणार, पण सराफ्याच्या आसपास रात्रीच खवय्यांची झुंबड असते. म्हणजे हातात उरते ती पहाट. ट्रॅफिक पोलिसांशी बोलून वेळ ठरवा आणि ठेकेदाराच्या दरात ती धरा.

## ८. उतरवणे

पाडणे हा शब्दच मनातून काढा. घर उतरवायचं असतं. जे सगळ्यात शेवटी बसवलं ते सगळ्यात आधी निघतं. पाडकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक, आयएस ४१३०, हेच सांगतं: वरून खाली, एकेक मजला, पद्धतशीर.

क) रस्त्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा आणि वर जाळी. पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट. घरात येण्याजाण्याचा एकच दरवाजा, त्यावर पत्र्याचं छप्पर.

ख) काचा सगळ्यात आधी. मग दारं, खिडक्या, नळ, वायरिंग, टाक्या. जिन्याचे कठडे आणि जिना मात्र राहू द्या. ज्या मजल्यावर काम चाललंय तिथून उतरायची वाट शेवटपर्यंत शाबूत हवी. जिन्याच्या सागाला चांगला भाव येतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी निघालेला मी पाहिला आहे. मग कामगार बांबूच्या शिडीवरून घमेली उतरवत होते.

ग) छप्पर. कवेलू (कौलं) हातोहात, मग वासे, मग आढं. गर्डर-फर्शीचं छत असेल तर एका खणातल्या, म्हणजे दोन गर्डरमधल्या पट्ट्यातल्या, फर्श्या काढा. माणूस उभा राहील तो शेजारच्या खणावर टाकलेल्या फळीवर, काढायच्या फर्शीवर कधीच नाही. फर्श्या निघाल्या की गर्डर चेन-पुलीने पकडून, मगच टोकं सोडवायची. गर्डर खाली ढकलून दिला तर तो खालचा मजला घेऊन जातो.

गर्डरच्या मध्ये विटांच्या कमानी असलेलं छत अधिक फसवं. या कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात आणि गर्डर बांधून ठेवणाऱ्या आडव्या लोखंडी सळया तो रेटा धरतात. भंगाराच्या लोभाने सळया आधी कापल्या की भिंत बाहेर फेकली जाते. सगळ्या कमानी उतरल्यावरच सळयांना हात लावा.

घ) सज्जे आणि लाकडी गॅलऱ्या. गॅलरीचे कंस मागे भिंतीत दाबलेले असतात आणि वरच्या भिंतीच्या वजनाने जागेवर राहतात. वरची भिंत आधी उतरवली तर गॅलरी रस्त्यावर येते. म्हणून खालून टेकू देऊन गॅलरी आधी सोडवा, भिंत त्यानंतर.

ङ) भिंती. माथ्यापासून थर थर, आतल्या बाजूला. मुख्य म्हणजे त्याच दिवशी पुढच्या मजल्याच्या पातळीपर्यंत आणायच्या. संध्याकाळी काम थांबवताना एकही भिंत आधाराशिवाय एकटी उभी दिसली तर काम थांबलेलं नाही, असं समजा. दोर बांधून भिंत ओढायचा प्रकार गल्लीत करूच नये. ती कुठे पडेल हे कुणालाच सांगता येत नाही.

च) मलबा मजल्यावर साठू देऊ नका. भिंत फुटली की तिचा ढीग मूळ भिंतीच्या सव्वा-दीडपट जागा घेतो आणि शंभर वर्षांच्या तुळयांनी तो भार पेलावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. उताराची नळी लावून रोज खाली आणि तिथून रोज बाहेर.

छ) सामाईक भिंतीत घुसलेल्या आपल्या तुळया उपटायच्या नाहीत. भिंतीलगत करवतीने कापा. आतली टोकं नंतर एकेक करून काढून तो खळगा लगेच विटा-सिमेंटने भरा. उघडी पडलेली शेजाऱ्याची भिंत आजवर पावसात भिजलेली नाही. तिला पावसाआधी प्लास्टर करून द्या, खर्च आपला धरून.

मशीनला परवानगी फक्त शेवटच्या टप्प्यात: जोतं, तळमजल्याच्या मोकळ्या भिंती, ओटले. शेजाऱ्याच्या भिंतीपासून चार-पाच फूट मात्र हातानेच.

थांबा: काचेची एखादी पट्टी तडकली, माती सतत झरायला लागली किंवा लाकूड करकरलं तर माणसं बाहेर काढा, काम बंद करा आणि इंजिनीअरला बोलवा. "थोडंच राहिलंय" हे वाक्य त्या क्षणी कुणाचंही ऐकू नका.

धूळ बसवायला पाणी मारायचं, पण फवाऱ्याने. पाइप सोडून मातीच्या भिंती भिजवल्या तर वजन वाढतं आणि ताकद जाते.

## ९. मलबा

किती निघतो याचा अंदाज कुणालाच नसतो. वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर दीड फुटी बाहेरच्या भिंती, तीस फूट उंच. दारं-खिडक्या वजा करूनही नुसत्या या भिंतींचं वजन अडीचशे टनांच्या पुढे जातं. २०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचरा नियमांत एका महिन्यात ३०० टन किंवा एका दिवसात २० टनांची मर्यादा होती. त्यापुढे गेलात तर माल वेगवेगळा करून तशी योजना आधी निगमाकडे द्यावी लागे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ ची नवी नियमावली आली आहे, तेव्हा झोनवर सध्याचा फॉर्म मागून घ्या. ढीग मात्र पहिल्या दिवसापासून चार ठेवा: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना. मिसळलेला मलबा नंतर कुणी वेगळा करत नाही.

मलबा निगमाच्या ठरलेल्या जागीच जाऊ द्या आणि प्रत्येक फेरीची पावती घ्या. ठेकेदाराने रात्री नाल्यात ट्रॉली उपडी केली तर दंडाची पावती तुमच्या नावाने फाटते. या शहरात कचऱ्याच्या बाबतीत शेजारीसुद्धा फोटो काढायला तयारच असतात.

चुन्यातल्या जुन्या विटा साफ करून जोत्याच्या भरावाला वापरा. भार घेणाऱ्या भिंतीला नको.

## १०. पाया खोदताना

इथे लोक निर्धास्त होतात, कारण घर उतरलेलं असतं. पण जुन्या इंदूरखाली काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. नवा पाया खोल जाणार आणि शेजाऱ्याचा जुना पाया बहुधा त्याच्या वर संपलेला असणार. सरसकट लांब चर खणला की त्याच्या पायाखालची माती तुमच्या खड्ड्यात सरकते.

शेजारच्या भिंतीलगत चार-पाच फुटांचे टप्पे आखा. एक खणा, भरा, पक्का होऊ द्या. मधला सोडून पुढचा घ्या. सोडलेले टप्पे नंतर. वेळ दुप्पट लागतो. मातीची तपासणी करून इंजिनीअरने टप्प्यांचा क्रम कागदावर दिलेला असावा. खणलेली माती खड्ड्याच्या काठावर रचू नका.

खोदताना गाडगं, नाणी, दागिना असं काही सापडलं तर मिस्त्रीशी वाटणी करायला बसू नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत सापडली की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. बहुतेक वेळा निघतात ती फुटकी कौलं आणि कोणाच्या तरी बाळाची वाळी.

तपासा, पायाचं काँक्रीट ओतण्याआधी: हद्दीच्या मापांशी कोपरे जुळले का? विहीर किंवा पेव सापडलं असेल तर ते तळापर्यंत साफ करून थर थर कुटून भरलं का, की वरवर मलबा ढकलला? शेजाऱ्यांच्या भेगांचे फोटो पुन्हा काढून पंचनाम्याला जोडले का? आणि झोनच्या भवन निरीक्षकाला मंजूर नकाशा घेऊन एकदा जागेवर बोलावलं का? पायाची रेघ सहा इंच पुढे गेली असेल तर ती चुन्याची असेपर्यंतच पुसता येते.